घरजोडणी

उदगीरच्या चिंचमळा कॉलनीत विरूपाक्षप्पांचं घर सगळ्यांत खाली होतं. कॉलनी होण्याआधी तिथं खरंच चिंचांचा मळा होता. मळ्यातलं पाणी वाहत येऊन ज्या खोलगट जागेत थांबायचं, नेमका तोच प्लॉट अप्पांनी तीस वर्षांपूर्वी पसंत केला, कारण इथं विहिरीला पाणी लागेल असं कुणीतरी सांगितलं होतं. विहीर काही झाली नाही. पाणी मात्र लागलं, आणि नको तिथं लागलं.

दर पावसाळ्यात परसातली संडासाची टाकी खालून भरायची. तिचा तळ कधीच फुटला होता. जमिनीतलं पाणी आत यायचं, आतलं बाहेर झिरपायचं. मैला उपसायची गाडी बोलवावी, तिनं अर्धा दिवस घरघर करून टाकी कोरडी करावी आणि आठव्या दिवशी भांड्यातून पुन्हा गुडगुड सुरू व्हावी. अप्पा सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले की नेमका मागून तो आवाज यायचा आणि पाठोपाठ वास.

डोळे न उघडता अप्पा म्हणायचे, "गुरम्मा, उदबत्ती लाव."

"दोन लावल्यात."

"तिसरी लाव."

अप्पांचं वय बहात्तर. उदगीरच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांचं भांड्यांचं दुकान होतं; आता ते पुतण्या बघायचा. मुलगा वीरेश लातूरला नोकरीला. "इकडं या, फ्लॅटमध्ये राहा," असं तो दर फोनला म्हणायचा आणि दर फोनला अप्पा विषय बदलायचे. माणूस सरळ, पण सरळपणाचीही त्यांना हौस होती. कुठं काही चुकीचं दिसलं की अप्पा पाटीसारखी अक्षरं काढून अर्ज लिहायचे. नळाला पाणी नाही, अर्ज. दिवा बंद, अर्ज. कॉलनीत त्यांना मागून 'अर्जवाले अप्पा' म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं, आणि ते त्यांना आवडायचंही.

गुरम्मा भालकीकडची. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली तरी तिच्या बोलण्यात कानडी शब्द डोकावायचेच. गुडघे गेलेले, चालताना भिंतीला हात लावत जायची. गेल्या दोन-तीन वर्षांत तिनं पाणी पिणं कमी केलं होतं. अप्पांनी तांब्या पुढं केला की ती "बेडा, बेडा" म्हणायची, म्हणजे नको, नको. अप्पांना वाटायचं, वयानं तहान कमी होत असेल.

परसाच्या भिंतीपलीकडं ग्यानोबाचं घर होतं. ग्यानोबा देवणीकडचा शेतकरी. पोरांच्या शाळेसाठी त्यानं उदगीरला घर बांधलं. पुढं पोरगा सुदर्शन शिकून शेताकडंच परत गेला, पोरगी पुनम नांदेडला सासरी गेली आणि ग्यानोबा-तारामती इथंच राहिले. शेत सुटलं तरी जनावर सोडवेना, म्हणून त्यानं मागच्या अंगणात पत्र्याचा गोठा करून एक देवणी गाय ठेवली होती. पांढरंशुभ्र अंग, त्यावर काळे ठिपके, नाव ठिपकी.

दोघांनी प्लॉट एकाच वर्षी घेतले होते. एकाच गवंड्यानं दोन्ही घरं उभी केली. वीस वर्षं संध्याकाळचा चहा कधी या घरी, कधी त्या घरी व्हायचा. पण नऊ वर्षांपूर्वी ग्यानोबाची टाकी वाहायला लागली. त्यानं तात्पुरतं म्हणून एक पाईप उघड्या गटारीत सोडला. गटार उतारानं वाहत कुठं येणार? अप्पांच्या दारात. अप्पांनी दोन दिवस नाक दाबून काढले आणि तिसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. ग्यानोबाला एक शब्दही न बोलता.

नगरपालिकेची माणसं आली, नियमाप्रमाणं पाईपाच्या तोंडाला सिमेंट लावून गेली. दुसऱ्या दिवशी ग्यानोबाच्या घरी पुनमची सुपारी फुटायची होती. पंचवीस पाहुणे. जेवणं उरकून मंडळी बैठकीत पान खात असताना न्हाणीतून काळं पाणी उलटं आलं ते थेट सतरंजीपर्यंत. होणाऱ्या व्याह्यानं धोतर गुडघ्यापर्यंत उचलून धरलं होतं, ते दृश्य ग्यानोबा विसरू शकला नाही. लग्न मोडलं नाही, पुनम सुखात आहे; ग्यानोबानं पुढं नवी टाकीही बांधून घेतली. पण त्या दिवसापासून ग्यानोबानं अप्पांशी बोलणं टाकलं.

अप्पांचं म्हणणं एकच, "अर्ज बरोबर होता."

रोज दुपारी दोनला ग्यानोबा छत्री घेऊन अप्पांच्या खिडकीवरून कोपऱ्यावरच्या हॉटेलाकडं जायचा, तो चारपर्यंत यायचा नाही. ऊन असो, पाऊस असो. अप्पा खाटेवर आडवे होता होता बघायचे आणि पुटपुटायचे, "निघाला माझी निंदा करायला." मग त्यांचा डोळा लागायचा.

*

त्या वर्षी संक्रांतीनंतर कॉलनीत भुयारी गटाराचं काम आलं. रस्ते खणले गेले, मोठाले पाईप उतरले. उन्हाळा लागेपर्यंत मुख्य लाईन झाली आणि घरजोडण्या सुरू झाल्या. अप्पांनी अर्ज पहिल्याच दिवशी भरला होता. पण जोडणी आधी ग्यानोबाची झाली, कारण त्याचं घर उंचावर आणि लाईन त्याच्या दारातून.

कामावरची इंजिनियर वर्षाराणी सव्वीस वर्षांची पोरगी होती, हिमायतनगरची. डोक्याला रुमाल, त्यावर पिवळी टोपी. तिनं अप्पांच्या घरासमोर तिपाईवर दुर्बीण लावली, एका माणसाला पट्टी धरून परसात उभं केलं, वहीत आकडे लिहिले आणि मान हलवली.

"काका, इथून होत नाही."

"का होत नाही? लाईन तर दारात आहे!"

"दारात आहे, पण वर आहे. तुमचा संडास रस्त्यातल्या पाईपापेक्षा दोन फूट खाली. घाण पाणी वर कसं चढणार?"

"मग मोटार बसवा."

"एका घराला मोटार बसवून लाईट गेल्यावर काय करायचं?" तिनं परसाच्या भिंतीकडं बोट केलं. "मागच्या गल्लीतली लाईन लई खोल आहे. ह्या घरातून पाईप नेला तर उतार बरोबर मिळतो. गोठ्याखालून न्यायचा, त्यांच्या चेंबरात सोडायचा. फक्त त्यांचं संमतीपत्र लागेल."

"फक्त!" अप्पा म्हणाले.

"का? बोलत नाहीत का ते?"

"मी बोलत नाही," असं म्हणून अप्पा घरात गेले.

त्यानंतर अप्पांनी तीन अर्ज लिहिले. एकात मोटार मागितली, दुसऱ्यात रस्ता खाली घ्या असं सुचवलं, तिसऱ्यात गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न सोडून बाकी सगळे मुद्दे मांडले. तिन्हींना उत्तर तेच आलं, शेजाऱ्याचं संमतीपत्र जोडावं.

गुरम्मा एकदा हळूच म्हणाली, "मी तारामतीला विचारून बघू का?"

"अजिबात नाही. त्यांच्यापुढं हात पसरायचा? गाडी बोलवू आपण. उपसून घेऊ."

मृग गेला, आर्द्रा गेल्या, आणि टाकी पाच-पाच दिवसांनी भरायला लागली.

*

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी अप्पा देवळातून आले तर गुरम्मा स्वयंपाकघरात खाली बसलेली. अंग तापानं फणफणलेलं, दात वाजत होते. उपवासानं झालं असेल असं ती म्हणत होती, पण तिला उठता येईना. अप्पांनी रिक्षा आणली आणि तिला डॉक्टर महामायाबाईंच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी तपासलं, लघवी तपासायला पाठवली आणि सलाईन लावलं. मग खुर्ची ओढून खाटेजवळ बसल्या.

"आजी, पाणी किती पिता दिवसाकाठी?"

गुरम्मा छताकडं बघत राहिली.

"जळजळ कधीपासून होते?"

"झाले की महिने."

"महिने?" अप्पा ओरडलेच. "मला बोलली नाहीस?"

डॉक्टरबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. "आजोबा, इन्फेक्शन वर मूत्रपिंडापर्यंत गेलंय. दोन-तीन दिवस इथं राहावं लागेल. बऱ्या होतील, पण अंगात पाणीच नाही त्यांच्या. आजी, पाणी का पीत नाही? खरं सांगा."

गुरम्मानं एकदा अप्पांकडं पाहिलं आणि मग डॉक्टरबाईंकडं तोंड करून बोलली, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. "पाणी पिलं की जावं लागतंय बाई. गेलं की पाणी टाकावं लागतंय. टाकलं की टाकी भरतीय. टाकी भरली की ह्यांच्या पूजेला वास येतोय, मग गाडी बोलवा, मग सगळ्या गल्लीनं नाकाला पदर लावून आपल्या दाराकडं बघायचं. त्यापरीस न पिलेलं बरं. रात्री तर मी घोटभरबी घेत नाही."

सलाईनचे थेंब पडत होते. अप्पा ते मोजत बसले, कारण दुसरं काही करायला सुचेना. तांब्या पुढं करायचं काम ते रोज करत होते. ती का नको म्हणते हे विचारायचं मात्र त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तारामती डबा घेऊन आली. मऊ भात, मुगाचं वरण, लिंबाची फोड. ती दारातच थबकली, अप्पांना बघून पदर सावरला, पण मग सरळ खाटेशी गेली.

"आक्का, काल दुपारभर वाट बघून राहिले मी. पत्रा सरकवून ठेवला, तुमी येईनाव. मग त्या रिक्षावाल्यानं सांगितलं."

गुरम्मानं डोळ्यांनी तिला गप्प राहायला खुणावलं, पण उशीर झाला होता.

"कसला पत्रा?" अप्पांनी विचारलं.

तारामतीच बोलली. "आता लपवून काय करायचंय, भाऊजी. तुमच्या टाकीमागं भिताडाला खिंडार हाय. त्यावर पत्रा लावलेला हाय. दोन वर्षं झाली, आक्का दुपारी आमच्या घरला येतेत. जाऊन येतेत, हात-पाय धुतेत, घडीभर बसतेत, चहा घेऊन जातेत. तुमी दोनला झोपताव, म्हणून दोनची येळ."

अप्पांचा आवाज बारीक झाला. "आणि ग्यानोबाला माहीत नाही?"

"त्यांनीच तर भिताड फोडलं!" तारामतीला हसू आलं, मग तिनं ते आवरलं. "आक्का एकदा मला भिताडावरनं बोलायल्या होत्या, टाकीचं सांगायल्या होत्या, ते ह्यांनी गोठ्यातनं ऐकलं. दुसऱ्या दिशी पहार घेतली आन इटा काढून वाट केली. मला मनले, वैनीला बोलीव. पर पुरुष माणूस घरात असल्यावर बाईमाणसाला लाज वाटंल, म्हणून दोन ते चार ते घरातच थांबत न्हाईत. हॉटेलात जाऊन बसतेत. चहाबी पीत न्हाईत तिथं, नुसते बसतेत. गेल्या साली ताप होता, तरीबी गेले."

अप्पा उठले आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात गेले. बराच वेळ ते तिथं खांबाला धरून उभे राहिले. आत दोघी हळू आवाजात बोलत होत्या आणि वाटीत चमचा वाजत होता.

*

गुरम्मा तिसऱ्या दिवशी घरी आली. तिला खाटेवर बसवून, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून अप्पा परसात गेले. टाकीच्या मागं, जिथं ते वर्षानुवर्षं वासाच्या भीतीनं फिरकले नव्हते, तिथं खरंच एक पत्रा होता. बाजूला सारल्यावर भिंतीत माणूस जाईल एवढी वाट दिसली. पलीकडच्या अंगाला भिंतीत एक लोखंडी सळई आडवी बसवलेली होती, कमरेच्या उंचीवर, हाताला लागू नये म्हणून तिला सुतळी गुंडाळलेली. गुडघे दुखणाऱ्या माणसानं धरावं म्हणून ती होती, हे कळायला अप्पांना वेळ लागला नाही. त्यांनी ती धरली आणि वाकून पलीकडं गेले.

ते निघाले ते थेट गोठ्यात. ठिपकीनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. ग्यानोबा शेण भरत होता. तो सरळ झाला आणि त्यानं हातातली पाटी खाली ठेवली.

अप्पांनी रस्ताभर काय बोलायचं ते ठरवलं होतं, आणि रस्ता चार पावलांचाच होता. "रामराम ग्यानोबा," एवढंच त्यांना आठवलं.

"रामराम. वैनी कशा हायत?"

"बरी आहे. आणली घरी." अप्पा थांबले. "मला तारामतीबाईंनी सगळं सांगितलं. भिंतीचं, आणि तुमच्या हॉटेलाचं. मी तर समजत होतो की तुम्ही माझी निंदा करायला जाता."

"ती बी केली की कवा कवा," ग्यानोबा म्हणाला. "दोन तास काय करावं माणसानं?"

अप्पांना हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उपरण्यानं चेहरा पुसला. "माझं चुकलं, ग्यानोबा. नऊ वर्षं झाली. चुकलंच."

ग्यानोबानं हात धुतले, गोठ्यातली बसायची फळी झटकली आणि अप्पांपुढं सरकवली. स्वतः उकिडवा बसला.

"अप्पा, एक सांगू का? तुमचा अर्ज बराबर होता. माझा पाईप रस्त्याला सोडलेला, ती माझीच चूक. पर भिताडाला भिताड हाय आपलं. आधी मला येऊन बोलायचं होतं. मनायचं होतं, ग्यानोबा, घाण यायलीय, बंद कर. मी केलं असतं. न्हाई केलं असतं तर द्यायचा होता अर्ज. सुपारीच्या दिशी ते काळं पाणी घरात आलं तवा मला पाण्याचं काही वाटलं न्हाई. मला वाटलं, अप्पाला मी माणूस वाटलो न्हाई."

अप्पा नुसती मान हलवत राहिले. ठिपकीनं त्यांच्या उपरण्याचं टोक चघळायला घेतलं, ते त्यांनी काढून घेतलं नाही.

मग ग्यानोबा म्हणाला, "त्या पोरीनं मला उन्हाळ्यातच सांगितलं होतं, गोठ्याखालनं पाईप न्यावा लागंल म्हणून. मी वाट बघून राहिलो, अप्पा कवा येतेत. आणा कागद. दस्तखत करतो."

अप्पांनी त्या दुपारी संमतीपत्र लिहिलं. त्यांच्या सवयीनं ते अडीच पानं झालं. त्यात तीस वर्षांचा शेजार होता, भूमीचा उतार होता, आणि 'अर्जदाराच्या हातून झालेला प्रमाद' असाही एक परिच्छेद होता. ग्यानोबानं ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"अप्पा, हे हापिसात सगळे वाचतील. 'पाईप न्यायला माझी हरकत न्हाई' एवढंच लिहा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं माझ्यापशी ठेवतो," म्हणून ग्यानोबानं ती अडीच पानं घडी घालून सदऱ्याच्या खिशात टाकली.

*

दसऱ्यानंतर जमीन जरा वाळली तेव्हा वर्षाराणी माणसं घेऊन आली. गोठा रिकामा करायचा होता, म्हणून ठिपकीला रस्त्यानं फिरवून अप्पांच्या अंगणात आणून बांधली. तिला जागा पसंत पडली नाही. पहिल्या दिवशी तिनं अप्पांची जास्वंद खाल्ली, दुसऱ्या दिवशी वाळत घातलेला टॉवेल. गुरम्मा ओट्यावर बसून तिच्याशी कानडीत बोलायची, आणि गाय कान हलवायची.

खणताना मुरूम लागला, मुरमाखाली काळा दगड. ब्रेकर आणावा लागला. त्यानंतर वर्षाराणीनं पुन्हा लेव्हल घेतली आणि ग्यानोबाकडं अपराधी चेहऱ्यानं आली.

"काका, तुमचं चेंबर एक फूट खोल करावं लागेल. नवीन बांधलेलं फोडायचंय. आणि दोन दिवस तुमचा संडास बंद राहील."

ग्यानोबानं चेंबरकडं बघितलं. पाचच महिन्यांपूर्वी झालेलं, त्यानं स्वतः पाणी मारून मुरवलेलं. "फोडा," तो म्हणाला. "पर आमी दोघं जावं कुठं?"

"आमच्याकडं!" भिंतीपलीकडून गुरम्माचा आवाज आला. तिला सगळं ऐकू जात होतं. "टाकी कालच उपसलीय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ग्यानोबा खांद्यावर टॉवेल टाकून अप्पांच्या परसात उभा राहिला. अप्पा पेपर वाचत होते. त्यांनी त्याला पाहिलं, पटकन पेपर ठेवला आणि चपला घालायला लागले.

"कुठं निघालाव?"

"मी जरा कोपऱ्यावर जाऊन येतो. तुम्हाला संकोच नको."

"बसा की हो!" ग्यानोबा म्हणाला. "मला कसला संकोच आलाय? रानात वाढलेला माणूस मी. पेपरात पावसाचं काय दिलंय ते वाचून ठेवा, आलोच."

पाचव्या दिवशी पाईप जोडून झाला. वर्षाराणी म्हणाली, माती लोटायच्या आधी पाणी सोडून बघू. अप्पांनी संडासात बादली घेऊन उभं राहायचं, ग्यानोबानं पलीकडं चेंबरवर वाकून बघायचं असं ठरलं. गुरम्मानं बादलीत मूठभर हळद टाकली. "साधं पाणी आलेलं कसं कळंल? हे पिवळं दिसंल." वर्षाराणीला ते इतकं आवडलं की तिनं फोन काढून बादलीचा फोटो घेतला.

"सोडू का?" अप्पा आतून ओरडले.

"सोडा!" ग्यानोबा पलीकडून ओरडला.

बादली रिती झाली. मजूर फावड्यांवर रेलून उभे, दोन्ही बायका खिंडाराशी.

"आलं का?"

"न्हाई!"

"आता?"

"न्हाई हो, सबर करा जरा!"

मुलाच्या दहावीच्या निकालालाही अप्पा इतके घाबरले नव्हते. तेवढ्यात पलीकडून ग्यानोबाची आरोळी आली, "आलं! आलं अप्पा, पिवळंजर्द! लग्नातल्यावानी!" आणि अप्पा रिकामी बादली हातात घेऊनच खिंडारातून पळत पलीकडं गेले, बहात्तराव्या वर्षी, सळई न धरता. दोघं म्हातारे चेंबरवर डोकं लावून ते पिवळं पाणी अंधारात नाहीसं होईपर्यंत बघत राहिले.

आठवड्याभरात जुन्या टाकीत चुना टाकून ती मुरमानं भरून घेतली. वर्षाराणीनं खिंडाराचं विचारलं, बुजवायचं का म्हणून. तारामतीनं तिच्याकडं असं बघितलं की पोरीनं पुन्हा विचारलं नाही. अप्पांनी तिथं चौकट बसवून घेतली.

*

तरी खालच्या रांगेतली चार घरं अजून बाकी होती. त्यांचीही तीच अडचण होती, उतार शेजाऱ्याच्या अंगणातून. शंकरप्पाचं घर संगमेश्वरच्या जागेमुळं अडलं होतं आणि संगमेश्वर काही केल्या ऐकत नव्हता. नवी फरशी बसवली आहे, फोडू देणार नाही, असं तो म्हणायचा. वर्षाराणी दोनदा जाऊन आली होती.

येळवसेच्या, म्हणजे शेतात पूजा करून जेवायच्या अमावस्येच्या, आदल्या संध्याकाळी ती अप्पांच्या घरी आली. ग्यानोबा तिथंच होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी देवणीला सुदर्शनच्या शेतात आंबील-भज्जी जेवायला जायचं होतं आणि भज्जीत कुठल्या भाज्या पडणार यावर आतून दोघींची चर्चा ऐकू येत होती.

"काका," वर्षाराणी म्हणाली, "संगमेश्वरना समजवायला तुम्ही येता का? मला वाटतं, एक जोरदार अर्ज लिहिला तर—"

"अर्ज नको," अप्पा म्हणाले. त्यांनी उपरणं घेतलं. "चला ग्यानोबा."

"आत्ता?"

"आत्ताच. उद्या शेतात जायचंय."

वाटेत दोघांचं वाजलंच. अप्पांचं म्हणणं होतं की आधी उताराचं शास्त्र समजावून सांगावं. ग्यानोबाचं म्हणणं होतं, शास्त्र-बिस्त्र काही नको, आधी चहा होऊ द्यावा, पोरांची चौकशी करावी. संगमेश्वरच्या दारात पोचेपर्यंत निकाल लागला नव्हता.

संगमेश्वरनं दोघांना एकत्र आलेलं पाहून डोळे मोठे केले. "तुम्ही दोघं? बोलायलाव का एकमेकांशी?"

"लई," ग्यानोबा म्हणाला. "गप्प बसेनात अप्पा."

चहा आला. पोरांची चौकशी झाली. फरशीचं कौतुक झालं, कारण फरशी खरंच चांगली होती. संगमेश्वर दोनदा नाही म्हणाला. मग अप्पांनी कप खाली ठेवला आणि शास्त्र न सांगता, अगदी हळू आवाजात, त्याला गुरम्माच्या तांब्याची गोष्ट सांगितली. सांगताना त्यांनी स्वतःला कुठंच वाचवलं नाही. संगमेश्वरची बायको दारात उभी राहून ऐकत होती. अप्पांचं बोलणं संपल्यावर तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "शंकरप्पाची आईबी लई थकलीय हो."

संगमेश्वर फरशीकडं बघत राहिला. "कडेनं नेता येईल का?" त्यानं विचारलं. "मधून नको. कडेची एक ओळ काढा."

"त्या पोरीला विचारू," ग्यानोबा म्हणाला. "हुशार हाय ती."

परत येताना अप्पा म्हणाले, "बघा, उताराचं सांगितलं असतं तर आणखी लवकर ऐकला असता."

"चला आता," ग्यानोबा म्हणाला, "सकाळी सहाला गाडी निघती. उशीर केलाव तर आंबील मिळायची न्हाई."